भास्कराचार्य कुठले? आणि २२,६१,५३,९८० कुठून आली?

बीड जिल्ह्यात कुणालाही "गणिताच्या इतिहासावर पीएचडी करतेय" असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "मग भास्कराचार्य आपलेच ना? बीडचेच ना?" प्रश्न चुकीचा नाही. उत्तर देतेच. पण मग तुम्हाला दुसऱ्या एका प्रश्नाकडे नेणार आहे, कारण माझ्या मते पुरावा तिथे जास्त भक्कम आहे.

भास्कराचार्यांनी स्वतःबद्दल थोडं लिहून ठेवलंय. जन्म शके १०३६ चा, म्हणजे इ.स. १११४. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे ११५० साली, सिद्धांतशिरोमणी रचला. वडील महेश्वर, आणि तेच गुरू. गाव सह्याद्रीच्या आश्रयाचं, विद्वानांनी गजबजलेलं, नाव विज्जडविड. घोळ इथे सुरू होतो. अकबराच्या दरबारातल्या फैजीने १५८७ साली लीलावतीचं फारसी भाषांतर केलं, त्यात गाव बिदर झालं. कुणी विजापूर म्हणतं. कुणी विज्जडविडातला 'विड' घेऊन 'बीड' म्हणतं, आणि बालाघाट हा सह्याद्रीचाच फाटा, असं त्याला जोडतं. चाळीसगावजवळच्या पाटणचा दावा वेगळा आहे. तिथे नुसतं नावाचं साम्य नाही, दगड आहे. भाऊ दाजी लाडांनी एकोणिसाव्या शतकात उजेडात आणलेला तो शिलालेख शके ११२८ चा, म्हणजे इ.स. १२०६-०७ चा. भास्कराचार्यांचा नातू चांगदेव हा सिंघण यादवाचा ज्योतिषी होता, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याला दान मिळालं, असं सगळं त्यात आहे. दानाचा तपशील तर जुन्या मराठीत आहे.

माझं मत विचाराल तर कुटुंबाचा पुरावा पाटणकडे आहे आणि बीडकडे फक्त नाव आहे. नावावरून गाव काढणं हा आपला आवडता उद्योग, पण शोधनिबंधाच्या परीक्षकापुढे तो टिकत नाही. बीडकरांनी नाराज व्हायचं कारण मात्र नाही. त्याच सिंघणाचा सेनापती खोलेश्वर, आणि त्याच्या नावाचं मंदिर आपल्या अंबाजोगाईत आहे, शिलालेखासकट. एकाच राज्याच्या एका कोपऱ्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांची शाळा निघत होती आणि दुसऱ्या कोपऱ्यात अंबाजोगाई नांदत होती, एवढं नक्की म्हणता येतं.

आता माझा प्रश्न. भास्कराचार्यांच्या बीजगणितात एक नऊ आकडी संख्या आहे: २२,६१,५३,९८०. तिचं गाव शोधायला ताम्रपट लागत नाही. तिचे अवयव पाडले की ती कुठून, कोणत्या वाटेने आली ते तीच सांगते.

आधी कोडं समजून घ्या. एक संख्या घ्या, तिचा वर्ग करा, त्याला ६१ ने गुणा, एक मिळवा. उत्तर पुन्हा एखाद्या पूर्ण संख्येचा वर्ग असलं पाहिजे. बस, एवढंच. भास्कराचार्य हे मित्राला विचारल्यासारखं विचारतात, आधी ६७ साठी आणि मग ६१ साठी. या प्रकाराला आपल्याकडे वर्गप्रकृती म्हणतात. जिचा वर्ग ६१ ने गुणायचा ती 'कनिष्ठ', जिचा वर्ग शेवटी मिळतो ती 'ज्येष्ठ', आणि जे मिळवायचं (किंवा वजा करायचं) ते 'क्षेप'. हे तीन शब्द लक्षात ठेवा, पुढे लागतील.

६१ च्या शेजाऱ्यांकडे बघा. ६० असेल तर कनिष्ठ ४ आणि ज्येष्ठ ३१: सोळा गुणिले साठ नऊशे साठ, अधिक एक नऊशे एकसष्ट, म्हणजे ३१ चा वर्ग. ६२ असेल तर कनिष्ठ ८, ज्येष्ठ ६३. दोन्ही चहा पिता पिता सापडतील. मग मधल्या ६१ चं असं किती अवघड असणार?

सगळ्यात लहान उत्तर हे आहे:

कनिष्ठ २२,६१,५३,९८०
ज्येष्ठ १,७६,६३,१९,०४९

याहून लहान कुठलीच जोडी चालत नाही. बावीस कोटी एकसष्ट लाख त्रेपन्न हजार नऊशे ऐंशी. (वाचताना मध्येच 'एकसष्ट' येतं, तो निव्वळ योगायोग. व्हॉट्सॲपवर फिरवू नका.) एक-एक संख्या घेऊन तपासायची ठरवली आणि प्रत्येकीला एकच मिनिट दिलं, तर रात्रंदिवस बसून साधारण ४३० वर्षं लागतील. म्हणजे ११५० साली पोथीत लिहिलेलं हे उत्तर चाचपडून मिळालेलं नाही, हे उघड आहे. मग कसं मिळालं?

इथे आपण संख्येलाच विचारू. कनिष्ठाचे मूळ अवयव पाडले तर असे निघतात:

२२,६१,५३,९८० = २ × २ × ३ × ३ × ५ × १३ × १२७ × ७६१

नऊ आकडी संख्या आणि सगळ्यात मोठा मूळ अवयव फक्त तीन आकडी. एकूण १४४ विभाजक. संयुक्त संख्या अनेक असतात, पण इतकी सुटीसुटी होणारी दिसली की माझ्यासारखीला शंका येते. मग हेच अवयव जरा वेगळे गोळा करून बघा:

२२,६१,५३,९८० = २ × ५ × ३९ × ७६१ × ७६२

७६१ आणि ७६२, अगदी शेजारी-शेजारी. हा योगायोग नाही. तो का नाही, ते कळायला भास्कराचार्यांनी स्वतः दिलेली रीत बघावी लागते.

सुरुवात ते अगदी साध्या जागेवरून करतात. ८ चा वर्ग ६४, म्हणजे ६१ पेक्षा तीन जास्त. तर कनिष्ठ १, ज्येष्ठ ८, क्षेप ३. आपल्याला क्षेप १ हवाय, हा ३ आहे. आता चक्रवाल रीत येते: चाकासारखी फिरत राहते आणि प्रत्येक फेरीत क्षेप आटोक्यात ठेवते. एक अशी संख्या निवडायची की तिला कनिष्ठाने गुणून ज्येष्ठ मिळवलं की क्षेपाने, म्हणजे ३ ने, नि:शेष भाग जावा, आणि तिचा वर्ग ६१ च्या जवळ असावा. ७ चालतो: ७ आणि ८ मिळून १५, त्याला ३ ने भाग जातो, उत्तर ५. हे नवं कनिष्ठ. नवं ज्येष्ठ ५६ अधिक ६१, भागिले ३, म्हणजे ३९. ताळा करा: ३९ चा वर्ग १५२१, आणि ६१ गुणिले २५ बरोबर १५२५. चार कमी. म्हणजे क्षेप उणे ४.

एकच फेरी झाली, आणि इथे भास्कराचार्य चाक थांबवतात. कारण क्षेप उणे ४ आला की पुढचा रस्ता डांबरी आहे, आणि तो ब्रह्मगुप्ताने ६२८ सालीच बांधून ठेवलाय. त्याची 'भावना' नावाची क्रिया दोन उत्तरं एकमेकांत मिसळून तिसरं देते. ज्येष्ठाला ज्येष्ठाने गुणा, कनिष्ठांच्या गुणाकाराला ६१ ने गुणून त्यात मिळवा, नवं ज्येष्ठ मिळालं. तिरकस गुणाकारांची बेरीज करा, नवं कनिष्ठ. आणि क्षेपांचा गुणाकार हा नवा क्षेप.

भास्कराचार्य काय करतात बघा. ५ आणि ३९ दोन्ही निम्मे करतात: अडीच आणि साडेएकोणीस, क्षेप उणे १. अपूर्णांकांना अजिबात घाबरत नाहीत. ही जोडी स्वतःशीच मिसळली की कनिष्ठ १९५/२ आणि ज्येष्ठ १५२३/२, क्षेप १. उत्तर तर आलं, पण अपूर्णांकात. म्हणून ही नवी जोडी पुन्हा अडीच-साडेएकोणीसशी मिसळायची. आता मिळतात कनिष्ठ ३८०५ आणि ज्येष्ठ २९७१८, दोन्ही पूर्ण, फक्त क्षेप पुन्हा उणे १. मग शेवटचं एकदा, हिला हिच्याशीच मिसळा. दोनदा ३८०५ गुणिले २९७१८. झालं, २२,६१,५३,९८०.

चार ओळींचं काम. ४३० वर्षांचं नाही.

आता पुन्हा अवयवांकडे या. ३८०५ म्हणजे ५ × ७६१, आणि २९७१८ म्हणजे ३९ × ७६२. चक्राच्या एकुलत्या फेरीत मिळालेले ५ आणि ३९ त्या मोठ्या संख्येच्या पोटात जसेच्या तसे बसलेत. शेजारी कुठून आले? ३९ चा वर्ग १५२१. त्यात १ मिळवून निम्मं केलं की ७६१, ३ मिळवून निम्मं केलं की ७६२. आणि ७६१ अधिक ७६२ बरोबर १५२३, जी आपल्याला मधल्या पायरीवर भेटली होती. ती कुठे गेली म्हणाल, तर ज्येष्ठात:

१,७६,६३,१९,०४९ = १५२३ × ११,५९,७६३

म्हणजे उत्तरातल्या दोन्ही संख्या संयुक्त आहेत, आणि त्यांच्या अवयवांत रीतीची पायरी न् पायरी शिल्लक आहे. मोठा आकडा नुसता बघून काही कळत नाही. तो फोडला की कळतं.

माझ्या कामाच्या दृष्टीने कळीची गोष्ट पुढेच आहे. ब्रह्मगुप्ताच्या ब्राह्मस्फुटसिद्धांतात क्षेप उणे ४ असेल तेव्हासाठी एक थेट नियमच आहे. आजच्या भाषेत सांगते. ज्येष्ठाचा वर्ग घ्या. त्यात एक मिळवून एक संख्या, तीन मिळवून दुसरी. या दोघींचा गुणाकार निम्मा करा, त्याला ज्येष्ठाने आणि कनिष्ठाने गुणा: हे नवं कनिष्ठ. तोच निम्मा गुणाकार एकाने कमी करा, आणि ज्येष्ठाच्या वर्गात दोन मिळवून त्याने गुणा: हे नवं ज्येष्ठ. आता ३९ आणि ५ घालून बघा. १५२२ गुणिले १५२४ चं निम्मं ११,५९,७६४. त्याला ३९ आणि ५ ने गुणलं की २२,६१,५३,९८०. आणि एकाने कमी केलं की ११,५९,७६३, त्याला १५२३ ने गुणलं की ज्येष्ठ. वर ज्येष्ठाचे जे दोन अवयव लिहिले ते हेच. म्हणजे आपण संगणकावर अवयव पाडून जे शोधलं, ते ६२८ सालच्या नियमात सूत्र म्हणून लिहिलेलंच होतं.

मग भास्कराचार्यांचं काय उरलं? हा प्रश्न लोकांना बोचतो, पण विचारायलाच हवा. शेवटचा अर्धा रस्ता ब्रह्मगुप्ताचा, ५२२ वर्षं आधीचा. पहिला अर्धा, म्हणजे चक्रवाल, हाही ते स्वतःच्या नावावर खपवत नाहीत. आधीचे लोक याला चक्रवाल म्हणत आले, असं तेच सांगतात. १९५४ साली कृपाशंकर शुक्लांनी उदयदिवाकराच्या १०७३ सालच्या टीकेतून जयदेव नावाच्या गणितज्ञाचे श्लोक पुढे आणले. त्यात ही रीत आहे, भास्कराचार्यांच्या जन्माआधीची. म्हणजे 'चक्रवालचे जनक भास्कराचार्य' हे वाक्य कुठल्याही भिंतीवर असलं तरी चुकीचंच आहे.

पण ६१ त्यांनी निवडली. आणि ही निवड साधी नाही. तुम्ही २, ३, ५ पासून एकेका संख्येसाठी सगळ्यात लहान उत्तर काढत गेलात, तर उत्तरं वेडीवाकडी उडतात: १३ ला कनिष्ठ १८०, २९ ला १८२०, ५३ ला ९१००, मध्येच बरीच चिल्लर. आणि एकदम ६१ ला बावीस कोटी. शंभराच्या आत याहून मोठं लहानात-लहान उत्तर कुणाचंच नाही. ६१ चा विक्रम मोडणारी पुढची संख्या थेट १०९. ज्याने रीतीची ताकद दाखवायला नेमकी ६१ उचलली, त्याने बऱ्याच संख्या हाताखालून घातल्या असणार, असं मला वाटतं. शिक्षकाची नजर आहे ती. ६७ दिलं, त्याला कनिष्ठ ५९६७ येतं, विद्यार्थ्याला बरं वाटतं. लगेच ६१.

याला आधार देणारी गंमत फ्रान्समध्ये आहे. १६५७ च्या फेब्रुवारीत फर्मा या गणितज्ञाने हेच कोडं युरोपातल्या गणितज्ञांपुढे आव्हान म्हणून टाकलं. फ्रेनिकल याला लिहिताना त्याने, फार त्रास नको म्हणून लहान संख्या देतो अशा थाटात, दोन उदाहरणं दिली. कुठली? ६१ आणि १०९. बरोबर त्या दोन विक्रमी संख्या! माणूस खट्याळ होता.

लगेच शंका येते की फर्माला भास्कराचार्यांचं कळलं असेल का. तारखाही खुणावतात. बीजगणिताचं फारसी भाषांतर १६३४ च्या सुमाराला अताउल्ला रशीदीने शाहजहानसाठी केलं होतं. हा ताजमहालाशी नाव जोडलं जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहौरीचा मुलगा, आणि औरंगाबादच्या बीबी का मकबऱ्याचा वास्तुकार अताउल्ला तो हाच, असं मानलं जातं. म्हणजे बीजगणिताचा मराठवाड्याशी नातं सांगणारा एक चांगला धागा हाही आहे, आपण उगाच विज्जडविडावर अडून बसतो. पण या भाषांतरातून काही फर्मापर्यंत गेल्याचा कसलाही पुरावा नाही. युरोपात बीजगणित छापून पोचलं ते १८१३ मध्ये स्ट्रेचीच्या आणि १८१७ मध्ये कोलब्रुकच्या इंग्रजीतून. शिवाय चोरीची गरजच नाही. ६१ ही निवड गणितच करून देतं. जो कुणी ओळीने उदाहरणं सोडवेल तो ६१ पाशी अडखळणार, मग तो सह्याद्रीत असो की तुलूझमध्ये.

फर्माच्या आव्हानाला इंग्लंडमध्ये ब्रोंकर आणि वॉलिस यांनी रीत शोधली. पुढे ऑयलरने नजरचुकीने श्रेय पेल नावाच्या तिसऱ्याच माणसाला दिलं, आणि जगभर आजही याला 'पेलचं समीकरण' म्हणतात. श्रेयाचा घोळ काही फक्त आपल्याकडे होत नाही. ही रीत दरवेळी उत्तरापर्यंत पोचतेच, याची सिद्धता १७६० च्या दशकात लाग्रांजने दिली. ती भास्कराचार्यांकडे नाही. हेही तितक्याच मोकळेपणाने सांगितलं पाहिजे. युरोपातली सरळ वाट, म्हणजे ६१ च्या वर्गमूळाचा वितत अपूर्णांक, ११ पायऱ्यांचं आवर्तन घेतो आणि ते दोनदा फिरावं लागतं, मिळून बावीस. आपल्याकडे एक फेरी आणि ब्रह्मगुप्ताचा नियम.

एवढी मोठी जोडी घेऊन करायचं काय, असं विचाराल. ज्येष्ठाला कनिष्ठाने भागा, ६१ चं वर्गमूळ मिळतं, दशांश चिन्हापुढे सतरा घरं बरोबर. पण या संख्यांना 'खूप मोठं' म्हणायला मी थोडी कचरते. आर्किमिडीजच्या नावावर गुरांचं एक कोडं आहे, त्यातूनही हेच समीकरण निघतं, फक्त ६१ च्या जागी ४७,२९,४९४. १८८० साली आमथोर याने दाखवलं की कळपातल्या गुरांची संख्या २,०६,५४५ आकडी आहे. ती आकड्यांत पूर्ण लिहिली गेली १९६५ साली, कॅनडातल्या वॉटर्लूमध्ये, संगणकावर. गणितज्ञ मात्र तिच्याबद्दल बोलताना ते दोन लाख आकडे वापरत नाहीत. छोट्या संख्यांपासून ती कशी बनली, ते सूत्र वापरतात. लेन्स्ट्राने २००२ साली या समीकरणावर लिहिलेल्या लेखाचा गाभाही तोच आहे: उत्तर आकड्यांत मांडत बसू नका, त्याची घडण लिहा. ब्रह्मगुप्ताचा नियम वाचल्यावर हे ओळखीचं वाटत नाही का?

आता १०९. फर्माच्या या दुसऱ्या संख्येचं कनिष्ठ पंधरा आकड्यांच्या आसपास जाणार, हे ऐकून घाबरू नका. २६१ चा वर्ग ६८,१२१. १०९ गुणिले २५ चा वर्ग ६८,१२५. पुन्हा चार कमी, क्षेप उणे ४! म्हणजे तोच नियम लागू. ६८,१२१ मध्ये एक मिळवून निम्मे ३४,०६१, तीन मिळवून निम्मे ३४,०६२. तर कनिष्ठ:

२ × २५ × २६१ × ३४,०६१ × ३४,०६२ = १,५१,४०,४२,४४,५५,१००

चौदा आकडी. युरोपला कामाला लावणारा हा आकडा ब्रह्मगुप्ताच्या नियमाने कागदावर पाच मिनिटांत निघतो, आणि याच्याही पोटात दोन शेजारी बसलेत. १३, २९, ५३, ६१, १०९: या सगळ्यांचं कुळ एकच आहे, सगळ्यांना आधी उणे ४ भेटतो.

हातावेगळं करायला एक सोपं देते. १३ घ्या: ३ चा वर्ग ९, १३ पेक्षा चार कमी. म्हणून ज्येष्ठ ३, कनिष्ठ १. नऊमध्ये एक मिळवून निम्मे ५, तीन मिळवून निम्मे ६. दोन गुणिले एक गुणिले तीन गुणिले पाच गुणिले सहा: १८०. आता २९ तुम्ही करा. ५ चा वर्ग २५ पासून सुरुवात करा. १८२० आलं पाहिजे, आणि ते फोडल्यावर १३ आणि १४ शेजारी सापडले पाहिजेत.